रिकाम्या गोलातला गायक

धैर्यशीलबद्दल लिहायचा मला अधिकार उरलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. तरी लिहितोय, कारण त्याच्याबद्दल मी आजवर एकच ओळ लिहिली आणि ती खोटी होती. बारा बाय आठ फुटी बोर्डावर, लाल अक्षरांत, पिवळ्या किनारीसकट लिहिली होती. अख्ख्या पेठेनं वाचली.

माझं नाव सयाजी. उद्यमनगरात माझं डिजिटल बोर्डांचं दुकान आहे. कोल्हापुरात माणूस पास झाला, निवडून आला, चाळिशीचा झाला किंवा गेला, की त्याचा फोटो आधी माझ्याकडं येतो. मग मी त्याला मागून सूर्य लावतो, शेजारी वाघ उभा करतो, खाली शुभेच्छुकांची रांग लावतो. माणूस काय करतो याच्याशी मला फारसं देणंघेणं नसतं. फोटो स्वच्छ पाहिजे, एवढंच माझं म्हणणं.

धैर्यशील माझा पाचवीपासूनचा मित्र. वडील बिद्रीच्या साखर कारखान्यात होते, ते गेल्यापासून घरात तो आणि त्याची आई, दोघंच. आईला तो आक्का म्हणतो, म्हणून सगळी गल्लीही आक्काच म्हणते. लग्न त्यानं केलं नाही. मिरजेला कसलासा कोर्स करून आला आणि राजारामपुरीत एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं लागला. सोळा वर्षं झाली, तो तिथं लोकांचे कान तपासतो.

ते काम मी एकदा बघितलंय. एक काचेची बारकी खोली असते, बाहेरचा आवाज आत येत नाही. पेशंटला आत बसवायचं, कानावर हेडफोन, हातात बटण. धैर्यशील बाहेरून मशीनवर बारीक बारीक आवाज सोडणार. ऐकू आला की पेशंटनं बटण दाबायचं, मग बाहेर दिवा लागतो. आपल्या गावात मिरवणुकांत स्पीकर रचून केलेल्या भिंतींसमोर नाचून नाचून पंचविशीतली पोरं कान घालवून बसलेली असतात. आणि म्हातारी माणसं तर असतातच.

"सया, निम्मी माणसं खोटं बटण दाबत्यात," तो मला एकदा म्हणाला होता.

"कशाला?"

"लाज वाटती. आपल्याला ऐकू येत न्हाई, ह्ये कबूल करायला नको वाटतंय. म्हणून अंदाजानं दाबत्यात."

"मग तुला कळतंय कसं?"

"मी आवाज सोडतच न्हाई की. नुसता बघत ऱ्हातो. काय सोडलेलं नसतंय तरी दिवा लागतोय. मग मी काय बोलत न्हाई. परत पयल्यापासनं सुरू करतो."

हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकलं असतं तर पुढचं बरंच टळलं असतं.

दहा-बारा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी नवीन मशीन घेतलं आणि जुनं भंगारात काढलं. धैर्यशीलनं ते घरी आणलं. त्यातून निघणारे आवाज, गोव्याहून सेकंडहँड आणलेलं एक ताल काढायचं यंत्र आणि एक जुना कॉम्प्युटर, एवढ्या सामानावर तो माडीवरच्या खोलीत संगीत करायला लागला. सगळं हेडफोनवर. खाली आक्का टीव्ही बघायची. तिला वाटायचं, पोरगं दवाखान्याचं काम घरी आणतंय.

त्या संगीताला टेक्नो म्हणतात. त्यातही ह्याचं अंडरग्राउंड. त्यानं पहिल्यांदा हा शब्द उच्चारला तेव्हा मला महापालिकेचं ड्रेनेज आठवलं आणि मी तसं बोललोही. तो हसला. मग त्यानं मला सगळं समजावून सांगितलं होतं, असं मला आता आठवतं. ठेका सारखा एकच चालू राहतो, वरचे आवाज सावकाश बदलत जातात, इतके सावकाश की बदलले कधी हे कळत नाही. त्यासाठी बसून ऐकावं लागतं. टीव्हीवर येणाऱ्यातलं हे नव्हे, जगभर पसरलेली थोडी माणसं हे करतात आणि थोडीच ऐकतात. मी त्या वेळी एका वाढदिवसाच्या बोर्डावर केक बसवत होतो. "व्हय, व्हय," म्हणत होतो.

त्याची पहिली रिलीज आली २०१५ साली, फक्त इंटरनेटवर. तिचं नाव 'अडीचशे'. पुढच्या वर्षी 'पाचशे'. मग पोलंडमधल्या एका बारक्या लेबलनं, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीनं, त्याला पत्र लिहिलं आणि २०१८ साली 'हजार' ही कॅसेट काढली, मोजून पन्नास. २०२० ला 'दोन हजार', २०२२ ला 'चार हजार'. कव्हरवर नुसता आकडा, नाव नाही, फोटो नाही, गावसुद्धा नाही. कान तपासताना जे आवाज सोडतात त्यांच्या पट्टीचे, हर्ट्झमधले, ते आकडे आहेत. मला इतकी वर्षं त्या किमती वाटत होत्या.

सोमवारी उद्यमनगर बंद असतं, पण मी दुकानात डिझाइन करत बसतो. दुपारच्या सुट्टीत धैर्यशील डबा घेऊन यायचा. नवीन काही झालं की मला लिंक पाठवायचा, कॅसेट निघाली की पन्नासातली एक माझ्या टेबलावर ठेवायचा. दुसऱ्या कुणाच्या रिलीजही सांगायचा, नव्या असोत की वीस-तीस वर्षं जुन्या. कुणी काढली, किती निघाल्या, आता कशा मिळत नाहीत. बोलताना त्याचा चेहरा एरवीपेक्षा उघडा व्हायचा. मी त्याच्या डब्यातली आक्काच्या हातची भाजी खायचो.

आता खरं सांगतो. पहिली लिंक आली तेव्हा मी ती उघडली होती. धप धप धप धप सुरू झालं. गाणं सुरू होईल म्हणून चाळीस सेकंद थांबलो. तेवढ्यात गिऱ्हाइकाचा फोन आला, राहिलं ते राहिलं. संध्याकाळी त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज पाठवला, "धैर्या, ऐकलं, ऐकलं. लई भारी झालंय!" पुढं दर वेळी तेच. 'पाचशे' आली, लई भारी. 'हजार' आली, लई भारी. कॅसेटी टेबलाच्या खणात, बोर्डाच्या भोकांत बसवायच्या कड्यांच्या डब्याशेजारी पडून राहिल्या. मला त्यात काही वाईटही वाटत नव्हतं. मित्राला बरं म्हणायला काय जातंय, असा माझा हिशोब.

या वर्षी जूनमध्ये तो एका सोमवारी आला तो छातीशी काहीतरी धरून. टॉवेलात गुंडाळलेलं. आत काळी तबकडी, आपल्या लहानपणी असायची तशी. त्या लेबलनं आतापर्यंतच्या सगळ्या जुन्या रिलीज आणि एक नवीन 'आठ हजार' अशा मिळून दोन तबकड्या काढायचं ठरवलं होतं. ही नमुन्याची आली होती. ती वाजवायचं यंत्र आमच्यापैकी कुणाकडं नव्हतं. त्यानं ती नुसती उजेडात धरून मला दाखवली.

"दहा वर्साचं हाय बघ ह्यात," तो म्हणाला.

"बोर्ड लावू की मर्दा चौकात!" मी म्हणालो. खरंच गंमतीनं म्हणालो होतो.

त्याचा चेहरा उतरला. "न्हाई सया. नाव कुठंच द्यायचं न्हाई. माणूस दिसला की लोकं माणूस बघत बसत्यात, ऐकत न्हाईत. आणि आक्काला कळलं तर ती गावाला सांगंल, लोकं ऐकवा म्हणतील, आणि ह्यातलं तिला काय कळणार न्हाई. चारचौघात तिचं तोंड पडलेलं मला बघवायचं न्हाई. तुझ्यापुरतं ऱ्हाऊ दे."

"अंबाबाईची शपथ," मी म्हणालो. त्यानं दहा वर्षांत मागितलेली ती एकमेव गोष्ट.

ऑगस्टमध्ये आमच्या प्रभागातून नगरसेवक व्हायला इच्छुक असलेले अमरसिंह यांनी गुणवंतांचा सत्कार ठेवला. बोर्डावर मधोमध अमरसिंह हात जोडून, भोवती अकरा गोल, गोलांत अकरा गुणवंत. सगळं तयार झालं आणि दुपारी बारा वाजता बातमी आली की त्यातला एक पैलवान विरोधी गटाचा सत्कार घ्यायला गेला. त्याचा फोटो काढला. गोल रिकामा झाला. पाच वाजता बोर्ड चौकात पाहिजे होता.

अमरसिंह स्वतः दुकानात आले. "गोल मोकळा बरा दिसंना. कोण तर घाल. कलाकार न्हाई बघ ह्यात एक बी."

अकराचे दहा गोल करायला मला दहा मिनिटं लागली असती. हे मी स्वतःला रोज सांगतो. पण समोर अमरसिंह बसले होते, दोन-चार कार्यकर्ते होते, आणि मला कुठून फुशारकी सुचली कोण जाणे. म्हणालो, "माझा दोस्त हाय एक. त्याची रेकॉर्ड निघालीया पोलंडात."

"पोलंड?" अमरसिंह खुर्चीत पुढं सरकले. "मग घाल की! गायक हाय?"

"व्हय," मी म्हणालो.

एवढंच. विचारही केला नाही. संगीत म्हणजे गाणं आणि गाणं म्हणजे गायक, ते चाळीस सेकंदांनंतर सुरू होत असणार. जोतिबाला गेलतो तेव्हाचा धैर्यशीलचा फोटो शोधला, मागचा डोंगर कापला, गोलात बसवला. खाली लिहिलं, 'आंतरराष्ट्रीय कीर्तीचे सुप्रसिद्ध गायक मा. धैर्यशीलदादा'. शपथ आठवली नाही असं नाही. आठवली. खूश होईल बेटा, असं म्हणून मी प्रिंट दिली.

कार्यकर्ते माझं नाव सांगत दुपारीच निमंत्रण घेऊन त्याच्या घरी गेले तेव्हा तो दवाखान्यात होता. आक्कानं पेढे आणून गल्लीत वाटले आणि आजऱ्याच्या भावाला फोन केला. सहा वाजता धैर्यशीलचा मला फोन आला.

"सया, ह्ये काय हाय?"

"आरं पाच मिनिटाचं काम. शाल, नारळ, एक फोटो. ये गपचूप."

पलीकडं त्यानं दार लोटून घेतल्याचं ऐकू आलं. मग म्हणाला, "आक्का नटून बसलीया. आणतो तिला."

कार्यक्रम साडेसहाला सुरू झाला. आक्का पहिल्या रांगेत, हिरवी साडी, नाकात नथ, शेजारी आजऱ्याचा भाऊ. तिच्या पोराचं काहीतरी मोठं झालंय आणि ते तिला आज कळलंय, हे तिच्या बसण्यातून दिसत होतं. दहावीच्या पोरींचा सत्कार झाला, एका फौजदाराचा झाला. धैर्यशीलला शाल घातली, फेटा बांधला. आणि निवेदक म्हणाला, "आता आपले लाडके गायक आपल्यासाठी एक गीत सादर करतील!"

धैर्यशीलनं मागं वळून बोर्ड वाचला. सावकाश, सगळा. मग गर्दीत मला शोधलं. मी साउंडवाल्याच्या टेबलाशी होतो. त्याच्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं. तो फक्त बघत होता, मान थोडी वाकडी करून.

"मला गाता येत न्हाई," तो माईकवर म्हणाला.

लोक हसले. अमरसिंहांनी सावरलं, "कलाकार लाजाळूच असतोय!" टाळ्या पडल्या. आणि पहिल्या रांगेतून आक्काचा आवाज आला, "म्हण की रं, येतंय त्यातलं! पोलंडातल्या लोकास्नी ऐकवतोस, आमास्नी न्हाई व्हय?"

मी घाबरलो. काहीतरी करून निभावावं म्हणून मोबाइल साउंडवाल्याला दिला आणि 'हजार' लावायला सांगितली. माणसाएवढ्या चार-चार पेट्यांच्या भिंतीतून धप धप सुरू झालं. पोरांना वाटलं आता गाणं येणार, ती उठून नाचायला लागली. गाणं येईना. पोरं हात वर करून थांबली, मग हात खाली आले. कुणीतरी ओरडलं, "गाणं कवा सुरू व्हणार रं?" दुसरा म्हणाला, "अडकलंय जणू." एक म्हातारा मिक्सरची जार रिकामी फिरवल्याचा आवाज तोंडानं काढायला लागला आणि मागच्या खुर्च्यांत हशा पिकला. शेवटी साउंडवाल्यानंच ते बंद केलं आणि बँडबाजाचं काहीतरी लावलं. तेवढ्यावर मात्र शिट्ट्या पडल्या.

आक्का हसत नव्हती. ती पदर नीट करत होती, पुन्हा पुन्हा.

धैर्यशीलनं फेटा काढून हातात घेतला आणि खाली उतरला. माझ्यासमोर येऊन थांबला.

"गायक कुणी लिवलं?"

"मी."

"बरं," तो म्हणाला.

त्याच्या मागून आक्का आली. तिनं माझा हात धरला आणि आजूबाजूला कुणी ऐकत नाही असं बघून हळू विचारलं, "सयाजी, तू तर इतकी वर्सं ऐकतोयस न्हवं त्याचं? गातोय न्हवं त्यो? का मला फसिवलं?"

मी वर बोर्डाकडं बघितलं. ज्या माणसाला ते उत्तर ठाऊक असायला हवं होतं, तो मी होतो. लाज म्हणजे काय ते मला बेचाळिसाव्या वर्षी कळलं, आणि ती हात धरलेल्या जागी लागत होती.

त्यानंतरच्या सोमवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. दवाखान्यात पेशंट त्याला "एखादं भजन होऊ द्या गायक" म्हणतात, हे मला बाहेरून कळलं. बोर्ड मी स्वतः शिडी लावून उतरवला. घरी न्यायचा धीर होईना. चौकात खाली बायडाबाई म्हणून एकजण कणसं भाजते, तिनं सावलीला मागितला, दिला. तिनं छापलेली बाजू आतून घातली. आता तिच्या छपराखाली बसून कणीस खाणारा प्रत्येकजण वर बघतो आणि त्याला धैर्यशील दिसतो. मी त्या रस्त्यानं जात नाही, लांबून वळसा घालतो.

तिसऱ्या सोमवारी दुकानाचं शटर आतून ओढलं, फोन बंद केला आणि दुकानातल्या कॉम्प्युटरवर पहिल्यापासून ऐकायला बसलो. 'अडीचशे', 'पाचशे', 'हजार'. मला ते कळलं असं म्हणणार नाही. पण चाळीस सेकंदांच्या पुढं गेलो. तिथं काही सुरू होत नाही, कारण ते आधीच सुरू झालेलं असतं. आठव्या-नवव्या मिनिटाला लक्षात येतं की मघाचा आवाज आता नाही, आणि तो कधी गेला ते आपल्याला सांगता येत नाही. मी मागं नेऊन पुन्हा ऐकलं. पुन्हा चुकलो. दुपार कशी गेली समजलं नाही.

मग 'दोन हजार' लावली. दुसऱ्या तुकड्यात तिसऱ्या मिनिटाला काहीतरी खरखरीत यायला लागलं. ठेक्यावर, तुटक, एखाद्या यंत्राचा श्वास वाटावा असं. ते हळूहळू उघडत गेलं. आणि मग स्वच्छ ऐकू आलं.

"ऐकलं, ऐकलं. लई भारी."

माझा आवाज. मी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला. सहा मिनिटं, सारखा. "ऐकलं, ऐकलं. लई भारी. ऐकलं, ऐकलं."

 मी फोन चालू केला आणि मागं मागं गेलो, २०२० पर्यंत. त्यानं लिंक पाठवून लिहिलं होतं, 'दुसरं नक्की ऐक.' पुढं हसरा चेहरा होता. तेव्हा हे ऐकलं असतं तर मी दुकानात उडालोच असतो, त्याला शिव्या घालत फोन केला असता, दोघं पोट धरून हसलो असतो. त्यानं ती मजा माझ्यासाठी ठेवली होती. आणि खाली चार तासांनी माझं उत्तर होतं. मी ते दाबलं. "धैर्या, ऐकलं, ऐकलं. लई भारी झालंय!"

'चार हजार'मध्येही मी होतो. ह्या वेळी 'झालंय'सकट.

म्हणजे पाच वर्षं त्याला ठाऊक होतं. आवाज न सोडता त्यानं बघितलं होतं आणि माझा दिवा लागला होता. तो काही बोलला नाही. डबा घेऊन येत राहिला, पुन्हा पहिल्यापासून सांगत राहिला. आपलं गुपित त्यानं ऐकणाऱ्याला दिलं नव्हतं, मित्राला दिलं होतं. मी तेही राखलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. केसपेपर काढला, नाव लिहिलं, कान तपासायचेत म्हणून सांगितलं आणि चार म्हाताऱ्यांनंतर नंबर आला. धैर्यशीलनं कागद बघितला, मला बघितलं.

"धैर्या, मी काल..."

"आत बसा," तो म्हणाला. मला. बसा.

दार बंद झालं. आत इतकी शांतता होती की मला माझंच गिळणं ऐकू आलं. हेडफोनमधून त्याचा आवाज आला, रोज वीस जणांना सांगतो तसा. "आवाज आला की बटण दाबायचं. बारीक आला तरी दाबायचं. न्हाई आला तर दाबायचं न्हाई."

मी काचेकडं तोंड करून सगळं बोललो. 'दोन हजार' ऐकली, चुकलो, आक्काच्या पाया पडतो, काय वाटेल ते. बाहेर त्यातलं काही पोचत नव्हतं. त्यानं बोटानं बटणाकडं दाखवलं.

आवाज यायला लागले. डावा कान, उजवा कान. मोठे, बारीक, अगदी बारीक. आला की मी दाबत होतो. मग थांबले. मी वाट बघितली. काचेपलीकडं धैर्यशील मशीनवर हात न ठेवता माझ्याकडं बघत होता. माझा अंगठा बटणावर होता. दाबलं की त्याला बरं वाटेल, अशी जुनी सवय मनात उठली. मी अंगठा उचलून मांडीवर ठेवला आणि तसाच बसलो. किती वेळ, सांगता येत नाही.

शेवटी दार उघडलं. त्यानं कागदावर दोन रेघा काढल्या, एक लाल, एक निळी, आणि तो कागद माझ्या हातात दिला. कुठंतरी खोट निघावी, निदान एका कानात तरी, असं मला मनापासून वाटत होतं.

"दोन्ही कान चांगलं हाईत तुझं," धैर्यशील म्हणाला, आणि त्यानं पुढच्या पेशंटला हाक मारली.